परसातील आंबा एका बाजूने वाळत आहे: खोडातील खुणांवरून कीड कशी ओळखावी?

प्रश्न

घराच्या मागील अंगणात कोयीपासून वाढलेला एक जुना आंबा आहे. त्याचा बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही आणि आजवर त्याला कधी औषध द्यावे लागल्याचे आठवत नाही. अलीकडे मात्र त्याची प्रकृती उतरत चालली आहे. माथ्याच्या एका बाजूची पाने आधी फिकट झाली, नंतरच्या पालवीतील पाने आकाराने लहान निघाली, आणि आता त्याच बाजूच्या दोन जाड फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येत आहेत. दुसऱ्या बाजूला पालवी फुटते, परंतु ती पूर्वीपेक्षा विरळ आहे.

जवळून पाहिले असता निरनिराळ्या प्रकारच्या खुणा आढळल्या आणि त्यामुळे माझा गोंधळ वाढला. आजारी बाजूला, छातीच्या उंचीवर, खोडात करंगळी जाईल एवढी काही छिद्रे आहेत. त्यांखाली जाडसर भुसा साचला आहे आणि एका छिद्रातून काळपट चिकट स्राव ओघळला आहे. त्याच्या वर, जेथे दोन मोठ्या फांद्या फुटतात त्या बेचक्यात, सालीवर तपकिरी रंगाची जाळीदार पट्टी चिकटलेली दिसते. वाळलेल्या फांदीवर टाचणीने टोचल्यासारखी असंख्य बारीक भोके आहेत. बुंध्याशी मातीचा लेप चढला आहे, तो वाळवीचा असावा.

एका परिचितांनी सर्व दोष वाळवीचा असल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांनी संपूर्ण झाडावर कीटकनाशक फवारण्याचा सल्ला दिला. कोणतेही औषध आणण्यापूर्वी मला हे समजून घ्यायचे आहे की या चार खुणांपैकी झाडाच्या ऱ्हासाचे मूळ कोणत्या खुणेत आहे आणि कोणत्या खुणा झाड दुबळे झाल्यावर मागाहून आल्या आहेत. ते ठरवण्याची काही पद्धत असल्यास कृपया सविस्तर सांगावी.

उत्तर १

औषधाच्या आधी निदान करण्याचा आपला विचार अगदी योग्य आहे. झाडावर सापडलेली प्रत्येक कीड ही त्याच्या आजाराचे कारण असतेच असे नाही, आणि आपण वर्णन केलेल्या चार खुणा माझ्या मते चार वेगवेगळ्या जीवांच्या आहेत. त्यांचे महत्त्वही सारखे नाही.

सर्वांत गंभीर खूण म्हणजे छिद्रांखालचा जाडसर भुसा. तो हातात घेऊन चुरगाळून पाहावा. लाकडाच्या बारीक ढलप्या आणि तंतू त्यात स्पष्ट दिसत असतील, तर आत भिरूड, म्हणजे आंब्याचा खोडकिडा असण्याची शक्यता फार मोठी आहे. याचे शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. हा लांब मिशांचा, राखाडी-तपकिरी रंगाचा भुंगेरा असून त्याची लांबी साधारण साडेतीन ते साडेपाच सेंटिमीटर असते. मादी खोडाच्या किंवा जाड फांदीच्या सालीत खाच पाडून तीत एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी प्रथम सालीखालचा जिवंत भाग खाते आणि मोठी होत जाते तशी लाकडात शिरते. पूर्ण वाढलेली अळी मळकट पांढरी, बिनपायाची, काळपट डोक्याची आणि आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते, यावरून तिने पोखरलेल्या बोगद्याचा आकार लक्षात येईल. एका पिढीला साधारण वर्ष लागते आणि त्यातील बहुतेक काळ ती खोडाच्या आत, आपल्या नजरेआड असते. सालीखालचा थर अन्नरस खाली नेतो आणि त्याच्या आतले लाकूड पाणी वर नेते. अळी या दोहोंवर घाला घालते, म्हणून तिच्या बोगद्याच्या वर असलेल्या फांद्या सुकतात. आपल्या झाडाची एकच बाजू वाळते आहे, ही गोष्ट याच्याशी जुळते.

बेचक्यातील तपकिरी पट्टी ही साल खाणाऱ्या अळीची खूण आहे. ही एका पतंगाची, इंदरबेला या प्रजातीची अळी. ती दिवसा बेचक्याजवळच्या आखूड बोगद्यात लपते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. खाताना ती आपल्या वाटेवर रेशमाचे आच्छादन विणते, त्यात सालीचा चुरा आणि विष्ठा अडकते, आणि आपल्याला दिसते ती पट्टी अशी तयार होते. एखाद-दुसऱ्या अळीने मोठे झाड मरत नाही. परंतु फांदीला चहूबाजूंनी वेढा पडला तर ती फांदी जाते, शिवाय दुर्लक्षित झाडावर या अळ्या वर्षानुवर्षे वाढत राहतात.

वाळलेल्या फांदीवरील टाचणीएवढी भोके अतिशय लहान भुंगेऱ्यांची असावीत. त्यांचे भोक साधारण एक ते दोन मिलिमीटर व्यासाचे असते आणि बाहेर येणारी भुकटी पिठासारखी असते, किंवा काही जातींमध्ये ती दाबली जाऊन बारीक काडीसारखी बाहेर लोंबते. यांतील कित्येक जाती ताणाखाली आलेल्या किंवा मरू घातलेल्या लाकडाकडे आकर्षित होतात. भोके केवळ वाळलेल्या भागात असतील, तर ते भुंगेरे मागाहून आलेले समजावेत. हिरव्या, जिवंत फांदीवर किंवा मुख्य खोडावर तशीच भोके असतील आणि त्यांतून डिंक येत असेल, तर मात्र माझे मत बदलेल. आंब्याच्या सालीतील हायपोक्रायफॅलस मँजिफेरी हा लहान भुंगेरा सेरॅटोसिस्टिस या बुरशीच्या प्रसाराशी जोडला गेला आहे. ब्राझील, ओमान आणि पाकिस्तान या देशांत या बुरशीने आंब्याची झाडे झपाट्याने वाळल्याची नोंद आहे. त्या रोगात वाळलेली पाने बराच काळ फांदीलाच चिकटून राहतात, हे लक्षण अवश्य तपासावे.

उरली वाळवी. मातीचा लेप हाताने खरवडून खालची साल पाहावी. वाळवी पुष्कळदा सालीचा बाहेरचा मृत थरच खाते. आतली साल टणक आणि ओलसर असेल, तर आज घडीला वाळवी हे आपल्या झाडाचे मुख्य दुखणे नाही. लेपाखाली लाकूड पोकळ लागले, तर तेथे आधीच काही कुजले होते आणि वाळवी त्या वाटेने आत शिरली, असा अर्थ घ्यावा.

आता पद्धतीविषयी. सर्वप्रथम खोडावरचा आणि बुंध्याशी पडलेला सगळा भुसा ब्रशने स्वच्छ करावा, जाळीच्या पट्ट्या काढून टाकाव्यात, प्रत्येक छिद्राशेजारी खडूने खूण करावी आणि बुंध्याभोवती पांढरे कापड अंथरावे. त्यानंतर काही दिवस रोज सकाळी पाहावे. ज्या छिद्राखाली ताजा, ओलसर, फिकट रंगाचा भुसा पुन्हा पडेल, तेथे अळी जिवंत आहे. ज्या छिद्रातला भुसा करडा, कोरडा आहे किंवा ज्याच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले आहे, ते छिद्र सोडून दिलेले आहे आणि तेथे औषध घालणे व्यर्थ आहे. एखादे छिद्र स्वच्छ कडेचे, गोल आणि इतरांपेक्षा मोठे असेल, तर त्यातून प्रौढ भुंगेरा बाहेर पडून गेला असे समजावे.

आणखी दोन गोष्टी कळवाव्यात: वाळलेल्या फांदीपासून खोडाकडे येत येत नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडली असता हिरवा ओलसर थर नेमका कोठून सुरू होतो, आणि गेल्या काही वर्षांत झाडाच्या आसपास खोदकाम, बांधकाम, मातीचा भराव किंवा फरशी असे काही झाले आहे का.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व भुसा झाडून कापड अंथरले. खडूने खूण केलेल्या छिद्रांपैकी केवळ दोन छिद्रांखाली ताजा भुसा पडतो आहे. तो खरोखरच तंतुमय असून बोटांत चुरगाळल्यावर लाकडाच्या कपच्या दिसतात. स्राव ओघळला होता ते छिद्र त्या दोहोंपैकी एक आहे. बाकीची छिद्रे कोरडी आहेत. बेचक्यातील पट्टी काढल्यावर खाली साल कुरतडलेली दिसली, पण फांदीला पूर्ण वेढा पडलेला नाही. बारीक भोके फक्त वाळलेल्या भागात आहेत. वाळवीच्या लेपाखाली साल शाबूत आहे.

साल खरवडून पाहिली असता एका फांदीत हिरवा थर मध्यापासून सुरू होतो. दुसरी मात्र जवळजवळ खोडापर्यंत तपकिरी झालेली आहे.

खोदकामाच्या प्रश्नाने मला थबकायला लावले. दोन-तीन वर्षांपूर्वी सांडपाण्याची नळी बदलताना कामगारांनी झाडाच्या याच बाजूने, बुंध्यापासून फार तर दोन हातांवर, कमरेइतका खोल चर खणला होता. त्या वेळी मनगटाएवढी मुळे तोडून बाहेर काढलेली दिसली होती. चर बुजवल्यावर वर फरशीही घालण्यात आली. याचा आजच्या परिस्थितीशी संबंध असू शकतो का?

उत्तर २

संबंध असू शकतो, इतकेच नव्हे तर माझ्या मते हा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. भिरूड तेथे आहे याविषयी मला शंका नाही. परंतु झाडाच्या ऱ्हासाची सुरुवात भिरूडाने झाली की चराने, याचा विचार केल्याशिवाय उपचार अपुरा राहील.

झाडाची मुळे माथ्याइतकीच खोल जातात असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक तंतुमुळे जमिनीच्या वरच्या साठ सेंटिमीटरांच्या आत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्या पलीकडेही पसरलेली असतात. बुंध्याला लागून कमरेइतका खोल चर गेला, म्हणजे त्या बाजूच्या मुळांचा बराच मोठा भाग एका दिवसात गेला. त्यातही मनगटाएवढी मुळे तुटली, याचा अर्थ त्यांना पुढे फुटलेली सगळी तंतुमुळेही गेली. एका बाजूची मुळे बहुधा त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी पुरवतात, त्यामुळे चराची बाजू आणि वाळणारी बाजू एकच असणे हा योगायोग वाटत नाही. फरशीमुळे पावसाचे पाणी आणि हवा मातीत जाणे कमी झाले असेल, हे निराळेच.

मोठे झाड असा आघात लगेच दाखवत नाही. साठवलेल्या अन्नावर ते काही काळ काढते आणि एक-दोन वा अधिक वर्षांनी माथा विरळ होऊ लागतो. तोवर घरातील माणसे खोदकाम विसरून गेलेली असतात आणि समोर दिसणाऱ्या किड्यावर सगळा दोष येतो. भिरूड निरोगी झाडावरही येतो, परंतु ताणाखाली असलेल्या झाडात त्याला अनुकूल परिस्थिती मिळते. म्हणून मी क्रम असा लावीन: प्रथम मुळे तुटली, मग त्या बाजूचे खोड दुबळे झाले, मग भिरूड आला, फांदी वाळली, आणि शेवटी त्या वाळलेल्या लाकडात बारीक भुंगेरे आले. वाळवी आणि साल खाणारी अळी या क्रमाच्या कडेला आहेत.

खोडकिड्यांच्या बाबतीत खुणा फार उशिरा दिसतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००२ मध्ये ॲशच्या झाडांवर एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा प्रथम ओळखला गेला, तेव्हा तो तेथे येऊन काही वर्षे उलटलेली होती. त्याचे बाहेर पडण्याचे छिद्र अवघे तीन-चार मिलिमीटरांचे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने गोलाकार असते. पहिली छिद्रे पुष्कळदा उंचावर, माथ्याजवळ असल्यामुळे जमिनीवरून ती दिसतच नाहीत. आधी दिसतो तो विरळ झालेला माथा आणि खोडावर अवेळी फुटलेले धुमारे. आपल्या आंब्यावर तो भुंगेरा नाही, परंतु धडा येथेही लागू पडतो: छातीच्या उंचीवर दिसलेली छिद्रे एवढीच छिद्रे आहेत असे गृहीत धरू नये. शिडी लावून, जमल्यास दुर्बिणीने, वरच्या जाड फांद्यांची खालची बाजू आणि सर्व बेचके पाहावेत. सुतार पक्षी एखाद्या जागी वारंवार चोच मारत असेल, तर तेथे सालीखाली अळ्या असण्याचा तो चांगला पुरावा असतो.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मात्र काळपट स्रावाविषयी एक खात्री करून घ्यावी असे सुचवतो. आंब्यातून डिंक किंवा स्राव येण्याची कारणे अनेक आहेत. भिरूडाच्या छिद्रातून येणाऱ्या स्रावात भुसा मिसळलेला असतो आणि खाली बोगदा सापडतो. बुंध्याच्या बुरशीजन्य कुजीत साल ओली आणि मऊ होते, आंबट वास येतो, खाली बोगदा मात्र नसतो. शेंडेमर या रोगात डहाळ्या टोकाकडून खाली वाळत येतात, कधी कधी डिंकाचे थेंब दिसतात आणि वाळलेली डहाळी उभी चिरल्यास आत तपकिरी रेघा दिसतात. हा रोग लॅसिओडिप्लोडिया या बुरशीमुळे होतो आणि तीही दुबळ्या झाडावर अधिक जोर धरते.

म्हणून वाळलेल्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवरील एक डहाळी कापून उभी चिरून पाहावी, आणि बुंध्याच्या अगदी तळाशी, माती थोडी बाजूला करून, साल दाबून पाहावी. तळाशी फळीसारखे कडक भूछत्र उगवले असेल तर ते विशेषत्वाने कळवावे. मुळांची आणि बुंध्याची कूज दर्शवणारी गॅनोडर्मा ही बुरशी अशा रूपात बाहेर दिसते, आणि ती असल्यास कीडनियंत्रणाची चर्चा दुय्यम ठरते.

प्रश्नकर्ता

बुंध्याशी भूछत्र नाही. तळाची साल सर्व बाजूंनी टणक आहे आणि वासही नाही. सीमेवरची डहाळी चिरली असता आत फिकट तपकिरी छटा थोड्या अंतरापर्यंत दिसते, पुढे लाकूड स्वच्छ आहे. दुर्बिणीने पाहिल्यावर वरच्या एका जाड फांदीच्या खालच्या बाजूस आणखी एक छिद्र आढळले आणि खालच्या पानांवर त्यातला भुसा पडलेला दिसला.

आता उपचार कोणत्या क्रमाने करावा? घरात लहान मुले आहेत आणि विहीर जवळ आहे, त्यामुळे विषारी औषधांविषयी मला विशेष काळजी वाटते.

उत्तर १

आपली निरीक्षणे इतकी नेमकी आहेत की निदान आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. जिवंत भिरूड दोन-तीन ठिकाणी आहे, शेंडेमर मर्यादित आहे, आणि मुळांवरचा आघात या सर्वांच्या मुळाशी आहे.

संपूर्ण झाडावर फवारणी करू नये. अळी लाकडाच्या आत आहे, पानांवर पडलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट मोहरावर येणाऱ्या मधमाश्या आणि किडींना खाणारे मित्रकीटक त्यात मरतात. विहीर जवळ असताना तर हा मार्ग पूर्णपणे वर्ज्य मानावा.

जिवंत छिद्रांवर प्रथम हातानेच इलाज करावा. छिद्राचे तोंड धारदार चाकूने थोडे मोकळे करून आतला भुसा उकरून काढावा आणि टोकाला आकडा केलेली लवचीक तार हळूहळू आत सारावी. बोगदा वळणाचा असतो, त्यामुळे घाई करू नये. अळी आकड्याला लागून बाहेर येते किंवा आतच चिरडली जाते. तारेच्या टोकाला पिवळसर पांढरा द्रव लागला तर काम झाले असे समजावे. नंतर छिद्र ओल्या चिकणमातीने घट्ट बंद करावे आणि खडूची खूण कायम ठेवावी. काही दिवसांनी माती ढकलली जाऊन पुन्हा भुसा दिसला, तर अळी वाचली आहे. अशा छिद्रात आंब्याच्या खोडकिड्यासाठी शिफारस असलेल्या कीटकनाशकाचा बोळा, लेबलवरील प्रमाण तंतोतंत पाळून आणि हातमोजे घालून, आत सारावा आणि तोंड मातीने लिंपावे. हे औषध बंद छिद्रातच राहते, त्यामुळे फवारणीच्या तुलनेत ते फारच थोडे लागते. ते पावसात किंवा छिद्रातून स्राव वाहत असताना वापरू नये.

छिद्रात रॉकेल किंवा पेट्रोल घालण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. त्याने अळी मरते, पण सालीखालचा जिवंत थरही भाजतो आणि आगीचा धोका राहतो, म्हणून मी तो देणार नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांविषयी मात्र अधिक ठामपणे सांगतो: घराच्या परिसरात त्या कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो माणसासाठी प्राणघातक आहे.

साल खाणाऱ्या अळीसाठी पट्टी काढून टाकणे आणि बेचक्यातल्या तिच्या बोगद्यात तार घालणे एवढे बहुधा पुरते. वाळवीचा लेप खरवडून टाकावा, बुंध्याशी पडलेले कुजके लाकूड उचलावे आणि लेप पुन्हा चढतो का ते पाहत राहावे.

पुढच्या पिढीचा विचार पावसाळ्याच्या तोंडाशी करावा. त्या सुमारास प्रौढ भुंगेरे बाहेर पडतात, रात्री हिंडतात आणि दिव्याकडे येतात. सायंकाळनंतर खोड आणि जाड फांद्या विजेरीने पाहाव्यात. भुंगेरा आकाराने मोठा आणि चालीने मंद असल्याने हाताने पकडता येतो. सालीवर ताज्या कुरतडलेल्या खाचा दिसल्या, तर त्या चाकूच्या टोकाने उकलून आतले अंडे किंवा कोवळी अळी काढून टाकावी. या एका महिन्यातील जागरूकता नंतरच्या वर्षभराच्या औषधोपचारापेक्षा मला अधिक मोलाची वाटते, कारण लाकडात शिरण्यापूर्वी अळी आपल्या हाती लागण्याची हीच एक संधी असते.

उत्तर २

मुळांविषयी आणि छाटणीविषयी थोडे लिहितो, कारण अळ्या काढून झाल्यावर झाड सावरेल की नाही हे यांवर ठरणार आहे.

चराच्या बाजूची फरशी शक्य तेवढी काढावी. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचे घालावे, परंतु ते बुंध्याला भिडू देऊ नये. बुंध्याशी सतत ओल राहिली तर कुजीला आमंत्रण मिळते. कोरड्या दिवसांत पाणी खोडाशी न देता फांद्यांच्या घेराखाली, सावकाश आणि खोलवर मुरेल असे द्यावे, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये वरची माती थोडी सुकू द्यावी. झाड अशक्त दिसते म्हणून नत्रयुक्त खताचा मोठा हप्ता देण्याचा मोह होतो, तो टाळावा. उरलेल्या मुळांना जेवढी पाने पोसता येतील त्याहून अधिक पालवी त्याने फुटते आणि साठवलेले अन्न तीत खर्च होते.

पूर्ण तपकिरी झालेली फांदी उतरवावी. दुसरी फांदी मध्यापर्यंत हिरवी आहे, तिचा केवळ वाळलेला भाग काढावा आणि काप तपकिरी छटा संपून लाकूड जेथे स्वच्छ दिसते त्याच्या थोडा अलीकडे, म्हणजे खोडाच्या दिशेने घ्यावा. मोठी फांदी खोडाशी सपाट कापू नये. फांदीच्या मुळाशी जो किंचित फुगीर भाग असतो तो राखून त्याच्या बाहेर काप घ्यावा. अमेरिकन वनरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, तर जखमी भागाभोवती भिंती उभ्या करून त्याला वेगळे पाडते. तो फुगीर भाग कापला गेला, तर त्या भिंतींची जागाच नष्ट होते. करवत प्रत्येक कापानंतर सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावी, म्हणजे शेंडेमरची बुरशी एका फांदीवरून दुसरीवर जाणार नाही.

कापावर काही लावावे की नाही याविषयी मतभेद आहेत. सर्वसाधारण झाडांवर रंग किंवा डांबर लावू नये असे माझे मत आहे. येथे बुरशी आधीपासूनच असल्यामुळे बोर्डो पेस्टचा पातळ हात देण्यास हरकत नाही. त्यासाठी मोरचूद आणि कळीचा चुना प्रत्येकी एक किलो आणि एकूण पाणी दहा लिटर हे प्रमाण रूढ आहे. आपल्याला याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच पेस्ट लागेल. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत, भांडे प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. उरलेली पेस्ट विहिरीच्या बाजूला ओतू नये.

आधाराची मुळे तुटलेली असल्याने झाडाच्या स्थैर्याचीही तपासणी आवश्यक आहे. लाकडी हातोडीने बुंध्यावर सर्व बाजूंनी ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, आणि जोराच्या वाऱ्यानंतर चराच्या बाजूची जमीन भेगाळली किंवा समोरच्या बाजूची उचलली गेली आहे का ते पाहावे. यांपैकी काहीही आढळले आणि झाडाचा कल घराकडे असला, तर अनुभवी वृक्षतज्ज्ञांना प्रत्यक्ष बोलावून दाखवल्याशिवाय पुढचा पावसाळा येऊ देऊ नये.

उतरवलेल्या फांद्या कुंपणाशी रचून ठेवू नयेत. कापलेल्या लाकडातही भिरूडाची अळी आपली वाढ पूर्ण करून भुंगेरा होऊन बाहेर पडू शकते आणि त्याच झाडावर परत अंडी घालू शकते. ते लाकूड त्याच आठवड्यात उभे चिरून, बोगद्यातल्या अळ्या काढून, मग वापरावे किंवा नष्ट करावे.